गिरवलेली सही

लेस्टर प्रोकॉप आले तेव्हा टोलेडोत बर्फ वितळत होता.
बुटांचा चिखल त्यांनी दाराशीच झाडला
आणि कोटाच्या खिशातून काढला एक लोकरी मोजा, लहान मुलाचा.
मोज्यात बेसबॉल. बेसबॉलवर सही:
डच हॉकेनबेरी, १९२४.

चाळीस डॉलर फी. फॉर्म भरा. आता चेंडूला हात लावू नका.
हे मी रोज म्हणते.

जांभळ्या दिव्याखाली काही चमकलं नाही,
म्हणजे नव्या जमान्याचं काही त्याला लागलेलं नव्हतं.
शिवणीचा दोरा लाल-निळा, तेव्हा असायचा तसा.
इथवर ठीक.
मग भिंग.

आमच्या धंद्यातला पहिला धडा:
खरी सही पळते.
स्वतःचं नाव लिहिताना माणूस बघत नसतो,
पेन टेकायच्या आधीच हात निघालेला असतो.
खोटी सही चालते, चिखलातून पाय उचलत,
वळणावळणाला थबकते, तिथे शाई साचते,
रेघ कापते.

ही कापत होती.
एचच्या दोन पायांमध्ये तर पेन उचलून
पुन्हा टेकवलेलं.

"बाबांना फाटकाबाहेर दिली," प्रोकॉप म्हणाले.
"फार वेळ लागला म्हणे. जीभ बाहेर काढून लिहीत होता,
मागची रांग ओरडत होती."
मी मान हलवली. प्रत्येक चेंडूबरोबर एक गोष्ट येते
आणि गोष्टीला भिंग लावता येत नाही.

माझ्या फायलीत हॉकेनबेरीच्या अकरा सह्या होत्या,
अकराही एका वळणाच्या, मोकळ्या सुटलेल्या घोड्यासारख्या.
तुमची जुळत नाही, म्हटलं.
पत्रात एकच शब्द लिहिला: गिरवलेली.
खाली माझी सही, न बघता.

त्यांनी फी एकेका डॉलरच्या नोटांत मोजली.
चेंडू तसाच खिशात टाकला.

नऊ वर्षांनी एका बंद पडलेल्या लोखंड-कारखान्याची पगारवही
माझ्या टेबलावर आली, दुसऱ्याच कुणाच्या सहीसाठी.
पानं उलटताना दिसलं,
हॉकेनबेरी हिवाळ्यात तिथे भट्टीवर होता.
बावीसचा जानेवारी: फुली.
फेब्रुवारी: फुली, पुढे कारकुनाने घातलेलं नाव.
मार्च: फुली.
तेविसाच्या नोव्हेंबरात एच. नुसता एच, चौकटीबाहेर गेलेला.
डिसेंबरात आख्खं नाव,
एचच्या दोन पायांमध्ये पेन उचललेलं.

कुणीतरी कागदावर नाव काढून दिलं असेल
आणि तिशीतला तो माणूस, भट्टीवरून आल्यावर,
भाजलेल्या बोटांनी त्यावरून हात फिरवत बसला असेल.
गिरवलेलीच होती.
शब्द माझा चुकला नव्हता.

आणि माझे अकरा घोडे?
क्लबच्या सेक्रेटरीचे. त्याची पत्रं सापडली, तेच वळण.
अकरांवर माझा चमकता शिक्का आहे.
सातांचे मालक मिळाले. त्यातला एक, ॲक्रनचा दंतवैद्य,
फोनवर हसला, म्हणाला, कपाटात छान दिसतो,
राहू दे.

प्रोकॉपांकडे फोन सुनेने उचलला.
सासरे जाऊन चार वर्षं झाली.
चेंडू? "हां, तो खोटा होय!"
पोरं उन्हाळाभर खेळली त्याने, शिवण उसवली,
मग कुत्र्याने कुठे नेला कोण जाणे.
आवाज अगदी निर्मळ होता तिचा.
फाइल बंद करायची होती, मी म्हटलं,
बाकी काही नाही.

मोजा मात्र इथेच राहिला, ते विसरून गेले होते.
खालच्या खणात आहे, पाकिटात, पावती क्रमांकासह.
टाचेला कुणीतरी रफू केलंय,
करड्यावर तपकिरी लोकर, जी घरात असेल ती.
टाके एकसारखे नाहीत.
मध्ये एकदा सुई ओढून काढून
पुन्हा घातल्यासारखी वाटते.

दिवा लावते.
भिंग घेते.